आमेन म्हणणारा शिंपी

लग्न झाल्यापासून शिंप्याच्या घरात प्रार्थनेची वाटणी ठरलेली होती. दिवेलागणीला बायको खाटेच्या कडेवर बसून मोठ्याने प्रार्थना करायची आणि शिंपी मशीनमागून 'आमेन' म्हणायचा. पुष्कळदा त्याच्या ओठांत टाचण्या धरलेल्या असत, तेव्हा 'आमेन'चं नुसतं 'हंऽ' व्हायचं. देवाने ते चालवून घेतलं असावं, निदान तक्रार आली नव्हती.

मग बायकोला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. कळत मात्र सगळं होतं. संध्याकाळ झाली की ती नवऱ्याकडे बघत राहायची आणि शिंपी काजाबटणांत डोकं खुपसायचा.

बहिणीचं करायला रोज मेहुणी यायची. तोंडाने फटकळ.

"दाजी, ती वाट बघतेय."

"कशाची?"

"माझ्या भाषणाची! प्रार्थनेची हो. ती झाल्याशिवाय घास गिळत नाही. काल ताट तसंच परत नेलं मी."

"मग तू कर की."

"माझ्या घरची मी करते. इथली तुमची."

दुसऱ्या दिवशी पाळकसाहेब पँटच्या फिटिंगला आले. शिंप्याने आधी पँटच्या दोन्ही पायांच्या खालच्या दुमडीला टाचण्या लावल्या, साहेबांना हलता येणार नाही याची खात्री केली आणि मगच विचारलं, "रोज प्रार्थना करायची सवय कशी लावतात?"

"हे तुम्ही विचारताय? अहो, चर्चमध्ये सगळ्यात खणखणीत आमेन तुमचं!"

"आमेनच येतं मला. त्याच्या आधीचं सगळं ती करायची."

पाळकसाहेब हसायच्या बेतात होते, ते राहिले. "वेळ ठरवा, रोज तीच. शब्द शोधत बसू नका. आठवतील त्या माणसांची नावं देवापुढे घ्या. पुढचं सुचेल."

त्या संध्याकाळी शिंप्याने पायमशीनचा पट्टाच उतरवून ठेवला. तो पुन्हा चढवायचा त्याला भारी कंटाळा, म्हणजे मध्येच उठून शिवायला बसायची सोय राहिली नाही. खाटेजवळ बसून त्याने डोळे मिटले. आता अडचण अशी, की गिऱ्हाइकांची नावं त्याला कधीच आठवत नसत. मापं आठवायची.

"हे प्रभू, डावा खांदा उतरलाय ना ज्याचा, त्याला नोकरी लागू दे. त्या मास्तरीणबाईंची कंबर दर खेपेला कमी भरतेय, काय झालंय ते तूच बघ. आणि कोटाची बटणं पुढे सरकवून घेतली तो पोटवाला, त्याचा मुलगा घरी परत येऊ दे."

"दाजी," स्वयंपाकघरातून आवाज आला, "देवाला कपडे शिवायचेत का त्यांचे?"

खाटेवर काहीतरी खुदखुदलं. बायको हसत होती. अर्ध्याच तोंडाने, पण हसत होती. त्या दिवशी ती पोटभर जेवली.

मग रोज पट्टा उतरू लागला. हळूहळू ओळखीपाळखीतले सगळे खांदे, छात्या आणि कंबरा देवासमोर हजर झाल्या. एकदा मेहुणी ताट घेऊन दाराशीच थांबली. तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

"सगळ्यांचं मागून झालं, दाजी. ताईचं कधी?"

शिंप्याने गळ्यातली टेप काढून बोटांभोवती गुंडाळली. "लोकांचं मागितलं आणि नाही मिळालं, तर मला कळत नाही. हिचं नाही मिळालं, तर ते रोज माझ्यासमोर असेल."

बायकोने डावा हात उचलून त्याच्या गुडघ्यावर ठेवला.

त्याने डोळे मिटले. "हे प्रभू, ही..."

तिचं प्रत्येक माप त्याला पाठ होतं, लग्नातल्या पोलक्यापासून परवा शिवण आत घ्यावी लागलेल्या झग्यापर्यंत. त्यातलं एकही तोंडातून निघेना.

"ही माझी..."

मेहुणीने ताट हळूच खाली ठेवलं. आमेन कुणीच म्हटलं नाही. वाक्यच पुरं झालं नव्हतं, तर म्हणणार कशाला? थोड्या वेळाने बायकोने चमच्यासाठी हात पुढे केला.

दुसऱ्या दिवशी खिडकीत अजून चांगला उजेड होता. मेहुणी यायची होती. शिंपी हातातलं काम बाजूला ठेवून उठला, खाटेजवळ येऊन बसला आणि बायकोचा हात हातात घेऊन म्हणाला, "तर प्रभू, काल मी हिच्याबद्दल सांगत होतो..."