भिंतीपलीकडची थोरली

माझ्या ताईला सवत होती. वयाने ताईपेक्षा बरीच मोठी, चौदा हात लांब आणि अंगाने नखशिखांत सागवानी. भाऊजींनी ही होडी एका म्हाताऱ्या नावाड्याच्या मुलांकडून घेतली तेव्हा ती मुलं इतकी खूश झाली, की भाऊजींना तिथेच शंका यायला हवी होती. ऐंशी वर्षांची होडी. तांब्याचे खिळे, वाफेवर वाकवलेल्या फासळ्या, दोन फळ्यांमधल्या शिवणीत कापसाची वात ठोकून वर राळ भरलेली. पुढची सव्वीस वर्षं प्रत्येक सुट्टीच्या दिवशी भाऊजी तिच्याखाली उताणे पडलेले असत. पाण्यात ती वर्षातून दहा-बारा वेळा जाई, आणि त्यातल्या निम्म्या वेळा तिला दुसऱ्या होडीने ओढून आणावी लागे. ताई तिला ‘थोरली’ म्हणायची. "धाकटीचं जेवण आटोपलंय, थोरलीने सोडलं असेल तर या," असा निरोप मागच्या दाराने दर सुट्टीच्या दुपारी जायचा.

थट्टा इथपर्यंत ठीक होती. पण खाडीकाठच्या त्या घराला बारा महिने ओल, ओलीवर बुरशी, आणि ताईच्या छातीला बुरशीचं वावडं. आधी नुसता खोकला होता. मग दोन खोल्या ओलांडताना धाप लागू लागली. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरले आणि सांगितलं की याला औषध म्हणजे कोरडी हवा. अजून वेळ आहे, पण फार नाही. फुप्फुसाचा जो भाग एकदा निबर झाला तो पुन्हा मऊ होत नाही.

कोरडी हवा आमच्या गावात मुबलक आहे. खरं म्हणजे दुसरं काहीच नाही. इथे धुणं पिळेपर्यंत अर्धं वाळलेलं असतं. मीच पुढाकार घेऊन त्यांच्यासाठी घर शोधलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे एक लांब शेड. भाऊजींनी फोनवर मला तीन प्रश्न विचारले. शेड किती लांब, तिचं दार किती रुंद आणि छप्पर गळतं का. झोपायची खोली कशी आहे, हे त्यांनी विचारलं नाही, म्हणून मीही सांगितलं नाही की ती शेडला लागून आहे आणि दोघांत भिंत एकच.

ताई आगगाडीने आली, थोरली ट्रेलरवरून. तिला आत घ्यायला फाटकाचा एक खांब पाडावा लागला. समुद्र इथून दोन दिवसांच्या वाटेवर. त्यामुळे आख्खी गल्ली बाहेर येऊन बघत होती. शेजारचे निवृत्त मुख्याध्यापक होडीभोवती एक चक्कर मारून आले. मग भाऊजींना बाजूला घेऊन त्यांनी हळूच विचारलं, "तुम्हाला काही आतली बातमी आहे का?"

दीड महिन्यात ताई सुधारली. हे आम्हाला यंत्राने नाही, तिच्या टोमण्यांवरून कळलं. आली तेव्हा तिला चार शब्दांपलीकडे टोमणा मारवत नव्हता. "आलात? या. बसा." एवढ्यावर ती थांबायची. मग हळूहळू वाक्यं पूर्ण होऊ लागली. एका सकाळी तिने भाऊजींच्या बनियनवरून सुरुवात करून त्यांच्या आत्यापर्यंत मजल मारली, तीही मध्ये न थांबता, आणि आम्ही दोघे एकमेकांकडे बघून चक्क हसलो. शिव्या खाऊन इतका आनंद झालेली दोन माणसं त्या गल्लीत दुसरी नसतील.

त्याच आठवड्यात थोरलीची पहिली फळी तडकली.

आवाज असा आला की मुख्याध्यापक घराबाहेर धावले. लाकडाची होडी म्हणजे पाण्यात राहायची वस्तू. पाण्यात फळ्या फुगतात, एकमेकींना घट्ट धरतात. कोरड्यात आकसतात आणि शिवणी उघडतात. आमच्या हवेने दोन महिन्यांत तिच्या शिवणी करंगळी जाईल इतक्या उघडल्या होत्या. भाऊजींनी खाडीवरच्या मिस्त्रीला फोन लावला. मिस्त्रीने सांगितलं की भेगा बुजवू नका, पुढे पाणी लागलं की फळ्यांना फुगायला जागा उरणार नाही आणि त्या फासळ्या मोडतील. तिला पाण्यात तरी सोडा, नाहीतर रोज भिजवत राहा, नाहीतर उन्हाळ्यापर्यंत जळण होईल. आमच्या तलावाचं पाणी पिण्याचं. तिथे होडी तर सोडाच, पाय सोडायलाही बंदी. मग मिस्त्रीने तिसरा मार्ग सांगितला. "साहेब, परत पाठवा. माझ्या धक्क्याला बांधतो. माझ्या लेकीसारखी ठेवीन."

भाऊजी म्हणाले, विचार करतो. त्यांनी केलेला विचार दुसऱ्या दिवशी हातगाडीवरून घरी आला: चाळीस रिकामी गोणपाटं.

शेडमध्ये नळ होताच. मी प्लास्टिकच्या पाइपला खिळा तापवून भोकं पाडून दिली. गोणपाटं होडीवर पांघरायची, पाइप वरून फिरवायचा, सकाळ-संध्याकाळ अर्धा अर्धा तास पाणी. गोड्या पाण्याने लाकूड कुजतं, म्हणून त्यात मीठ. दर पंधरवड्याला मी गोणीभर जाडं मीठ न्यायला लागलो तेव्हा वाण्याने वजनकाट्यावरची नजर न काढता विचारलं, "कुणाला पुरलंय का?" मी म्हटलं, अजून नाही. त्या वेळी मला ते उत्तर फार हजरजबाबी वाटलं होतं.

ताईला सांगायचं नाही असं काही आमचं ठरलं नव्हतं. नुसतं सांगितलं नाही. ती शेडमध्ये पाऊल टाकत नसे. सवतीच्या खोलीत जायची आपली पद्धत नाही, असं तिचं म्हणणं. पाण्याचा आवाज यायचा तेव्हा भाऊजी म्हणायचे, पंप धुतोय. आमच्या गावात कुणी पंप धूत नाही. पण ताई नवीन होती.

थंडीत तिचा खोकला परतला. भाऊजी म्हणाले, धूळ. मी म्हटलं, धूळच. टोमणे पुन्हा आखूड झाले, आणि मी मनात शब्द मोजायचो: बारा, नऊ, सहा. मोजायचो आणि पुढच्या गोणीची ऑर्डर द्यायचो. भाऊजींची सगळी नोकरी विमा कंपनीत झालेली. जळालेली गोदामं, पडलेल्या भिंती बघून नुकसानीचं कारण लिहायचं. ओल हळूहळू येते, एका दिवसात येत नाही, म्हणून ओलीच्या नुकसानीची भरपाई द्यायची नाही, हे वाक्य त्यांनी चौतीस वर्षांत हजारदा लिहिलं असेल. भिंतीतून ओल कशी चढते हे आमच्या गावात त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

आमच्या गावच्या डॉक्टरांकडे आम्ही तिघे गेलो. त्यांनी छाती तपासली, जुने फोटो पाहिले आणि विचारलं, "घरात कुठे ओल वगैरे?" विचारून स्वतःच हसले. या गावात ओल म्हणजे कोंबडीला दात.

"छे," भाऊजी म्हणाले.

मी शेजारच्या खुर्चीत होतो. आदल्याच दिवशी मी पाइपची बुजलेली भोकं टाचणीने मोकळी केली होती. मी चष्मा काढून पुसला. डॉक्टरांनी गोळ्यांचा जोर वाढवला आणि हवापालट म्हणून आणखी कुठे जाता येईल का, असं विचारलं. आणखी कुठे जाणार? याहून कोरडं म्हणजे मग चूलच.

फेब्रुवारीत ताईचा चष्मा कपाटामागे पडला. भाऊजी भाजी आणायला गेले होते. तिने कामाच्या बाईला हाताशी घेतलं आणि कपाट दोन वीत पुढे ओढलं. मी पोचलो तेव्हा बाई तोंडाला पदर लावून दारात उभी होती आणि ताई भिंतीकडे बघत पलंगावर बसली होती. खांद्याच्या उंचीपर्यंत भिंत काळी होती. नुसती काळी नाही. लव होती तिच्यावर, मांजराच्या पाठीसारखी. ताईची उशी तिथून दीड हातावर.

भाऊजी आले. हातातली पिशवी तशीच. ताई उठली, भिंतीवरून एक बोट फिरवलं, ते बोट बघितलं आणि भाऊजींच्या सदऱ्याला पुसलं. मग शेडच्या दिशेने चालू लागली. सहा महिन्यांत पहिल्यांदा.

आत गोणपाटांतून पाणी ठिबकत होतं. थोरली त्यांच्याखाली गारव्यात आरामात पडली होती. शिवणी जवळजवळ मिटलेल्या. कोपऱ्यात मिठाच्या रिकाम्या गोण्या घडी घालून ठेवल्या होत्या, कारण भाऊजी नीटनेटके आहेत. खुंटीला हवेतला दमटपणा मोजायचं यंत्र टांगलं होतं. त्याखाली वही, वहीत रोजचे आकडे. काटा अठ्ठ्याहत्तरवर होता. ताईने दाराची चौकट धरून श्वास जमवला.

"हे माझ्या खोलीत," ती म्हणाली, आणि थांबली. "का नाही लावलं?"

भाऊजी चौतीस वर्षं कारणं लिहीत आले. त्यांच्याकडे शंभर असतील. ते खाली बघत म्हणाले, "लावलं असतं तर कळलं असतं."

एवढं खरं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. ताईने माझ्याकडे बघितलं. मी चष्म्याकडे हात नेला आणि खाली घेतला.

नळ त्याच दिवशी बंद झाला. भिंत खरवडली, पण उशीर झाला होता. नवीन फोटोंत दोन्ही फुप्फुसं तळाशी निबर. डॉक्टरांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला, तेव्हा या खेपेला भाऊजींनी सगळं सांगितलं, तारखांसकट. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

ताई माझ्याकडे राहायला आली. प्राणवायूचं यंत्र, लांब नळी आणि दोन साड्यांची पेटी. माझ्या बायकोने भीतभीत विचारलं, की तुमचा राग तर दोघांवर आहे, मग इथे कशा? ताई म्हणाली, "दोन चोरांतला हा निदान... आळशी आहे." त्यानंतर तो विषय तिने काढला नाही. मला वाटतं, बोलायला लागणारा श्वास ती आता बघून खर्च करत होती, आणि मी तेवढ्या किमतीचा नव्हतो.

भाऊजी रोज दहाला येत. यंत्राच्या बाटलीत पाणी भरत आणि खुर्चीवर बसत. ताई त्यांच्याशी बोलत नसे. एप्रिलमध्ये एका सकाळी तिने स्वतःहून विचारलं, "ती कशी आहे?"

"तिला पाणी बंद केलंय," भाऊजी म्हणाले. हे त्यांनी जरा अभिमानाने सांगितलं. प्रायश्चित्ताला प्रेक्षक लागतो.

ताई कोपरावर उठली. तिला इतकं चिडलेलं मी आजारपणात पाहिलं नव्हतं. तुकड्यातुकड्यांत ती जे बोलली ते असं: त्या भिंतीमागे आता कोण झोपतंय? कुणी नाही. मग बंद कशासाठी? "माझी छाती घातलीत ना तिच्यात? आणि आता तीही मरू देणार? मग माझं... कशाला गेलं? भिजवा तिला. जगवा."

भाऊजी उठले आणि चपला घालायला विसरून गेले. मी मागोमाग चपला घेऊन गेलो.

शेडमध्ये ऊन आरपार येत होतं, म्हणजे होडीतून. दोन महिन्यांचा आमचा उन्हाळा तिला पुरला होता. तीन फळ्या गळून खाली पडल्या होत्या, खिळे हवेत, चार फासळ्या मधोमध मोडलेल्या. भाऊजींनी नळ सोडला. पाणी एका बाजूने आत गेलं आणि दुसऱ्या बाजूने जमिनीवर आलं. त्यांनी मिस्त्रीला फोनवर चित्र दाखवलं. मिस्त्रीने एकेक फळी जवळून दाखवायला लावली. मग म्हणाला, "साहेब, फेब्रुवारीत पाठवली असती तरी..." आणि फोन त्याने ठेवला की मध्येच तुटला, ते कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी दहाला भाऊजी आले. सदऱ्याच्या बाह्या ओल्या होत्या. दारातल्या नळावर स्वतःच भिजवलेल्या, मी खिडकीतून पाहिलं होतं. त्यांनी बाटली भरली. ताईने त्यांच्या बाह्यांकडे बघितलं.

"मिटतायत का शिवणी?"

"मिटतायत," भाऊजी म्हणाले.

तिचा त्यांच्यावर विश्वास उरला नव्हता. तिने मान वळवून मला विचारलं, "खरं?"

एकदा असाच सरळ प्रश्न विचारला गेला होता तेव्हा मी गप्प बसलो होतो, आणि त्याचं काय झालं ते त्या पलंगावर होतं. या वेळी मी गप्प बसलो नाही. म्हटलं, खरंच, मी काल स्वतः बघून आलो. पुढच्या टोकाला थोडी फट आहे, ती आठवड्यात जाईल. मधल्या शिवणीत तर आता कागदसुद्धा जात नाही. भाऊजी माझ्याकडे बघत राहिले. मी आणखी दोन फळ्यांची हकीकत सांगितली, राळ कुठून मागवली तेही सांगितलं.

ताईने डोळे मिटले. "बरं झालं," ती म्हणाली.

मग रोज दहाला आम्ही दोघे तिला होडीची खबर देऊ लागलो. जूनच्या पहिल्या आठवड्यात ती गेली. तोपर्यंत आम्ही थोरलीला रंगाचा दुसरा हात दिला होता.