लो-रेंजमध्ये साहेब

आमच्या साहेबांना गाड्यांमधलं सगळं कळतं. म्हणजे कुठली गाडी कोणाला शोभते, हे कळतं. चालवता येत नाही, पण त्यावाचून त्यांचं कधी अडलं नाही. आरोग्य केंद्राला फोर-व्हील जीप मिळाली तेव्हा त्यांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली, पुढच्या सीटवर बसून एसी लावून पाहिला आणि म्हणाले, "सिस्टर, हिला डोंगरात घालायचं म्हणजे बिचारीचे हाल हो."

माझे हाल नव्हतेच मुळी. मी कित्येक वर्षं लसींचा डबा खांद्याला अडकवून वरच्या वस्तीत पायी जात होते, पण सवय झालेल्या माणसाचे हाल कोण धरतो?

जीप नवी म्हणजे आम्हाला नवी. दुसऱ्या कुठल्याशा खात्याने वापरून, कंटाळून दिलेली. दिली होती वरच्या वस्तीसाठीच, पण आमचा ड्रायव्हर निवृत्त झालेला आणि नवा मिळेना. शेवटी वरून हुकूम आला : केंद्रातल्या कोणीही डोंगरातली चाचणी पास केली तर गाडी त्याने चालवावी, नाहीतर गाडी मुख्यालयात जमा. मुख्यालयात म्हणजे साहेबांच्या दिमतीला, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

मी नाव दिलं. केंद्रभर हशा पिकला. पिकू दे. वरच्या वस्तीतल्या एका पोरीचे दिवस भरत आले होते. पहिल्या खेपेला तिला दाराच्या फळीवर घालून खाली आणली होती आणि खाली पोचेपर्यंत मूल गेलं होतं. त्या फळीची एक बाजू माझ्या हातात होती. तेव्हापासून माझं डोकं फिरलंय ते अजून ठिकाणावर आलेलं नाही. मला ती गाडी हवी होती, बस.

शिकवायचं काम आमच्या ह्यांनी केलं. हे शिंपी, त्यामुळे जगातलं सगळं ह्यांना शिलाई मशीनवरून कळतं. "पायडल तेच गं," म्हणाले, "पाय हलका ठेव, टाका आपोआप सरळ पडतो." सासूबाईंनीही आशीर्वाद दिला. "शीक बाई, पण रिव्हर्स दुसऱ्याच्या दारात शीक. इथे माझ्या कुंड्या आहेत." एक कुंडी गेलीच. तिचा उद्धार अजून रोज जेवताना होतो.

चाचणीच्या दिवशी परीक्षक आले. उंच, हडकुळे, आणि शब्द जणू विकत आणल्यासारखे जपून वापरणारे. आता परीक्षकाने ड्रायव्हरच्या शेजारी बसायचं असतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण आमच्याकडे पुढची सीट पदाची असते. साहेब 'पाहणीसाठी' येणार होते, आणि साहेब पुढे असताना दुसरा कोण पुढे बसणार? तेव्हा परीक्षक मागे, गुडघे हनुवटीला लावून, लसींच्या डब्याशेजारी. एसीचं बटणही पदाचंच. आमच्या जुन्या ड्रायव्हरने उभ्या नोकरीत साहेबांच्या जुन्या गाडीतल्या बटणाला बोट लावलं नाही. उन्हाळ्यात साहेब उतरले की तो बिचारा काच खाली करून शर्टाने वारा घ्यायचा.

"लसींसाठी हो," साहेबांनी बटण दाबत सांगितलं. लसी बर्फाच्या डब्यात झाकण लावून बसल्या होत्या. त्यांना घाम आल्याचं मी तरी कधी ऐकलं नव्हतं. साहेब मात्र गार वाटलं की बटण बंद करत, उकडलं की पुन्हा दाबत.

खाणीपर्यंत रस्ता बरा होता. पुढे नुसते दगड. मी गाडी थांबवली, छोटा दांडा ओढून लो-रेंजमध्ये टाकली आणि पहिल्या गिअरमध्ये सोडली. लो-रेंजचं असं असतं, की रेस द्यावीच लागत नाही. पाय काढून घेतला तरी गाडी मुंगीच्या चालीने वर चढत राहते. अंगात ताकद बैलाची आणि चाल नव्या नवरीची. मला ते फार आवडायचं. ह्यांनी शिकवल्यासारखा पाय अलगद बाजूला ठेवला आणि दगड मोजत निघाले.

आणि एकदम इंजिन गुरगुरलं, रेस आपोआप चढली, गाडीने पुढे उडी घेतली. आमची तिघांची डोकी टपाला लागली.

"सिस्टर! पाय!" साहेब ओरडले.

"पाय ठेवलाच नव्हता, साहेब."

"नव्या माणसाचा पाय कुठे असतो ते त्याचं त्याला कळत नाही," मागून परीक्षक म्हणाले. चाचणी सुरू झाल्यापासूनचं हे त्यांचं सगळ्यात मोठं वाक्य, आणि तेही माझ्याच वाट्याला.

गाडी शांत झाली. जरा पुढे गेले, पुन्हा तेच. या खेपेला डाव्या अंगाला चर होता आणि पुढचं चाक चराच्या काठावर जाऊन थांबलं. मी ब्रेकवर उभीच राहिले म्हणा ना. साहेब रुमालाने कपाळ टिपून एसीचा झोत आपल्याकडे वळवत म्हणाले, "बायकांना भीती वाटली की पाय जड होतो. तुमचा दोष नाही त्यात. निसर्ग आहे."

मला निसर्गाचा असा राग आयुष्यात आला नव्हता.

परीक्षकांनी चराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "पुढे कोरडा ओढा आहे. त्यापलीकडे उतार. उतारावर असं झालं तर गाडी खाली जाईल, आपल्यासकट. ओढ्यात पुन्हा झालं तर मी चाचणी थांबवतो."

म्हणजे मी ओढ्यातच नापास, गाडी मुख्यालयात, आणि वरच्या वस्तीला पुन्हा दाराची फळी. रडायचीच वेळ होती. पण आला तो संताप. माझ्या बाबतीत संताप नेहमीच आधी पोचतो. कुंडी मी फोडली, कबूल. पण हा पाय माझा नव्हता, नव्हता, नव्हता!

ओढ्याचं पात्र रुंद, सपाट, गोट्यांचं. घसरायला जागा नाही, पडायला खड्डा नाही. मी गाडी पहिल्या गिअरमध्ये सोडली, चपला काढल्या, दोन्ही पाय वर घेतले आणि सीटवर चक्क मांडी घालून बसले. हात स्टिअरिंगवर, गाडी आपली तुरुतुरु चाललेली.

"अहो, हे काय? गाडी आहे की ओसरी?" साहेब किंचाळले.

"परीक्षक साहेब," मी म्हटलं, "माझे पाय दिसतायत का? दोन्ही मोजून घ्या."

परीक्षक पुढच्या दोन सीटांच्या मधून वाकले. त्यांनी खरंच पाहिले. त्या धक्क्यात साहेबांना दरदरून घाम फुटला असावा, कारण त्यांचा हात सवयीने बटणाकडे गेला. टक्. माझ्या तोंडावर गार वारा आला आणि इंजिन गुरगुरून जीप गोट्यांवरून टुणकन उडाली. माझी मांडी तशीच्या तशी.

मी किल्ली फिरवून गाडी बंद केली. परीक्षक अजून वाकलेलेच होते. त्यांची नजर माझ्या पायांवर नव्हती, साहेबांच्या बोटावर होती.

"पुन्हा दाबा," ते म्हणाले.

मी गाडी सुरू केली, पाय वरच. साहेबांनी बंद केलं, गाडी रांगली. चालू केलं, गाडी उडाली. पुन्हा बंद, रांगली. पुन्हा चालू, उडाली. साहेबांचा चेहरा हळूहळू पडत गेला.

"एसी सुरू झाला की इंजिनवर ओझं पडतं," परीक्षकांनी सांगितलं, "ते सावरायला गाडी स्वतःच रेस वाढवते. हिची जरा जास्तच वाढतेय. सपाट रस्त्यावर कळत नाही. लो-रेंजमध्ये तेवढीच रेस चौपट जोर लावते. पाय बाईंचा नव्हता."

अहाहा! ते वाक्य मला फ्रेम करून सासूबाईंच्या कुंड्यांवर टांगावंसं वाटलं.

पण साहेब उगाच साहेब झालेले नाहीत. मिनिटभरात ते सावरले. "म्हणजे दोष गाडीत आहे," ते गंभीरपणे म्हणाले. "सदोष गाडी डोंगरात पाठवून मी सिस्टरांचा जीव धोक्यात घालणार नाही. मुख्यालयात पाठवू. तिथले रस्ते सपाट आहेत, तिथे चालेल."

बघा! धक्के मी खाल्ले, खरं मी ठरले, आणि गाडी तरीही त्यांची. परीक्षकांचं काम चाचणी घेणं, साहेबांशी भांडणं नव्हे.

मी गाडी न्यूट्रलला टाकून खाली उतरले. मागच्या पेटीतून प्लॅस्टर कापायची मोठी कात्री काढली आणि बॉनेट उघडलं.

"एसीचा पट्टा कोणता हो?"

परीक्षकांनी एकदा साहेबांकडे पाहिलं, मग आकाशाकडे. "डावीकडचा, बारका. इंजिन बंद करून, अर्थातच."

इंजिन बंद केलं. पट्टा चिवट होता, पण मी हाडं बसवलेल्या माणसांची प्लॅस्टरं कापली आहेत. कच्चकन तुटला.

"सिस्टर! सरकारी मालमत्ता आहे ही!"

"आहेच की, साहेब. खुशाल न्या मुख्यालयात," मी कात्री पुसत म्हटलं. "काचा मात्र खाली ठेवा, उकडतं फार."

उतार मी मुंगीच्या चालीने उतरले. गाडीने हूं की चूं केलं नाही. साहेब मात्र वाटभर घामाने निथळत, खिडकीबाहेर तोंड काढून बसले होते. खाली आल्यावर परीक्षक एवढंच म्हणाले, "पास." आणि दुसऱ्या दिवशी साहेबांनी केंद्रात सगळ्यांसमोर मोठ्या मनाने जाहीर केलं, की ही गाडी डोंगराच्याच लायकीची आहे.

पुढच्याच आठवड्यात वरच्या वस्तीतून निरोप आला. गेले. पोरीला मागच्या सीटवर आडवी केली, तिची सासू तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. ऊन मी म्हणत होतं, काचा खाली, धूळ आत. पोर कळा देत होती, मी लो-रेंजमध्ये दगड मोजत होते. म्हातारी पदराने तिला वारा घालून घालून दमली आणि माझ्यावर खेकसली, "एवढी मोठी सरकारी गाडी, आणि हिच्यात एसी नाही?"

"होता, आजी," मी म्हटलं. "तो होता तोवर गाडी तुमच्याकडे यायची नव्हती."

"बोलत काय बसलीस, चालव!" मागून पोर ओरडली.