घरचा अभ्यास

'अभ्यास' या एका शब्दाने सगळा घोळ केला.

छत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत घालवलेल्या बाईच्या हातात तुम्ही बावीस पानांचा फॉर्म देता, त्यावर ठळक अक्षरांत छापता की 'आम्ही या अभ्यासात स्वखुशीने भाग घेत आहोत', आणि वर अपेक्षा ठेवता की तिने घरी अभ्यास घेऊ नये? चूक कोणाची ते तुम्हीच ठरवा. बाईंना विचारलंत तर त्या म्हणतात, "माझी." पण हे आता म्हणतात.

बाईंचे यजमान दुकानांच्या पाट्या रंगवायचे. सगळं गाव त्यांना पेंटर म्हणायचं, आणि रागावल्या की बाईसुद्धा. अक्षर असं की सुतार पट्टी लावून फळी तपासतात तशी लोक त्यांची शिरोरेखा तपासून बघायचे. हाताने, एका दमात ओढलेली रेघ, इकडची तिकडे होत नसे. दोन वर्षांपूर्वी या माणसाचं लिव्हर खराब झाल्याचं कळलं. दारूच्या थेंबाला कधी शिवले नव्हते. रक्तात साखर होती, पोटाचा घेर होता, लिव्हरवर चरबी चढत गेली आणि वर्षानुवर्षं कोणाला पत्ता न लागता ते दगडासारखं कडक झालं. लोक सहानुभूतीने, हळूच विचारायचे, "घेत होते वाटतं?"

"हो," बाई म्हणायच्या, "चहा. दिवसाला सहा कप." आणि समोरच्याकडे अशा बघायच्या की त्याला आपली पाचवीतली प्रगतिपुस्तकं आठवावीत.

लिव्हरच्या डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून समजावलं होतं. लिव्हर ही गाळणी. गाळणी काम करेनाशी झाली की रक्तातली घाण डोक्यापर्यंत पोचते आणि माणूस हळूहळू गुंगायला लागतो. गंमत अशी की त्याला स्वतःला ते कळत नाही. म्हणून एक गोड, चिकट सिरप रोज तीनदा घ्यायचं, पोट साफ राहिलं की डोकं साफ राहतं. त्या सिरपच्या जोडीला एक नवी गोळी मदत करते का, हे शोधायला हा अभ्यास होता. अर्ध्या रोग्यांना खरी गोळी, अर्ध्यांना हुबेहूब तशीच दिसणारी पण आत औषध नसलेली. कोणाला कुठली, हे रोग्याला ठाऊक नाही आणि डॉक्टरांनाही नाही.

"म्हणजे पेपर तपासणाऱ्यालाच उत्तर माहीत नाही?" बाईंनी विचारलं.

"मुद्दामच. नाहीतर आम्हीही माणसंच, मनात असेल तसं दिसायला लागतं."

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "मास्तर लाडक्या मुलाला नकळत मार्क वाढवून देतोच." डॉक्टर मनापासून हसले. स्वतःचं हे वाक्य बाईंना पुढे चार महिने आठवलं नाही.

अभ्यासाचं सगळं काम एक तरुण नर्स बघायची. तिच्या गळ्यात स्टॉपवॉच असायचं, म्हणून पेंटरांनी पहिल्याच दिवशी तिचं नाव घड्याळताई ठेवलं. ती दर महिन्याला वजन करायची, रक्त घ्यायची, गोळ्यांची बाटली द्यायची आणि एक कागद पुढे ठेवायची. कागदावर एक ते पंचवीस आकडे गोल करून इकडेतिकडे विखुरलेले. एकपासून सुरुवात करून ओळीने रेघ जोडत पंचवीसपर्यंत जायचं, घड्याळ लावून. डोक्यात धुकं शिरायला लागलं की माणूस इथे अडखळतो, घरच्यांना दिसण्याच्या कितीतरी आधी.

पहिल्या दिवशी पेंटरांना एकाहत्तर सेकंद लागले. सतरा सापडेना. सतरा नाकासमोर होता. बाईंची मान खाली गेली. वर्गातलं सगळ्यात आवडतं पोर फळ्यापुढे उभं राहून गप्प होतं, तेव्हा जायची तशी.

"ठीक आहे की," घड्याळताई म्हणाली. "फक्त एक लक्षात ठेवा काका, घरी याचा सराव करायचा नाही हं."

बाईंनी मान डोलावली. आणि घरी गेल्या गेल्या सरावाचे कागद आखायला घेतले.

ताईकडे दोनच कागद होते, आलटून पालटून वापरायचे. टेबलाच्या पलीकडून उलटं वाचणं ही प्रत्येक शिक्षिकेची अंगभूत कला असते. दोन भेटींत दोन्ही कागद बाईंना पाठ. मग रोज सकाळी चहा झाला की टेबल पुसून पेपर सुरू. स्वयंपाकघरातलं टिकटिकणारं घड्याळ शेजारी, लाल पेन बाईंच्या हातात.

"अहो, चौदाच्या खाली बघा, डावीकडे."

"सांगू नका हो बाई, कॉपी होते."

"ही कॉपी नाही. हे मार्गदर्शन."

पेंटरांना मजा यायची. छत्तीस वर्षं बायको दुसऱ्यांच्या पोरांना शिकवायला जायची, आता सगळा वर्ग त्यांचा एकट्याचा होता. साठ सेकंद, पन्नास, एकेचाळीस. खाली लाल शेरा: 'प्रगती चांगली.' छत्तीस: 'छान.' एकतीस: 'शाबास', आणि शेजारी तारा. तो तारा मिळाला त्या दिवशी पेंटरांनी कागद शर्टाच्या खिशात घालून शेजाऱ्यांना दाखवला. बाईंनी लटक्या रागाने दटावलं आणि आत जाऊन डोळे पुसले. या माणसावर त्यांचा अतोनात जीव होता. इतकंच सांगायचं आहे, बाकी सगळं त्यातून आलं.

तिसऱ्या भेटीत घड्याळताईने स्टॉपवॉच दोनदा बघितलं. "बत्तीस! काका, कमालच आहे. घरी सराव नाही ना करत?"

"छे," बाई म्हणाल्या.

एवढाच शब्द. पण छत्तीस वर्षांत खोटं बोलणाऱ्या पोरांचे कान ज्यांनी पिळले, त्यांचे स्वतःचे कान परतीच्या वाटेवर गरम झाले होते.

मग शेजारच्या दातांच्या डॉक्टरांची पाटी आली. पेंटरांनी काम सोडलं होतं, पण शेजारधर्म म्हणून ब्रश काढले. दोन दिवस बसले. मधेच दुपारी खुर्चीतच झोपायचे. एकदा ब्रश रॉकेलच्या डब्यात बुडवायचा तो चहात बुडवला, आणि बाई हसल्या, तेही हसले. तिसऱ्या दिवशी त्यांनी पाटी भिंतीला टेकवून उभी केली.

"झकास झाली ना?"

पाटीवर 'दवाखना' लिहिलं होतं. काना गेला होता. आणि शिरोरेखा, ती लोक तपासून बघायचे ती शिरोरेखा, पहिल्या अक्षरापासून उतरत उतरत शेवटी चांगली बोटभर खाली आली होती.

बाईंनी पाटीकडे बघितलं आणि नवऱ्याकडे बघितलं. तो कौतुकाची वाट बघत उभा होता.

"झकास," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर घेतला. तीस सेकंद. आजवरचा सगळ्यात चांगला. मग कशाला घाबरायचं, त्यांनी स्वतःला बजावलं. पेपर खोटं बोलत नाही.

पण शेरा लिहायला पेन उचललं आणि थांबल्या. पेंटर आकडे बघतच नव्हते. त्यांची नजर खिडकीबाहेर होती आणि हात आपोआप चालला होता, सही करताना चालतो तसा. चाळीस वर्षं रेघा ओढलेला हात तो, एकदा गेलेली वाट विसरेल कसा? पाठ झालं होतं ते हाताला. डोक्याचा त्यात काही संबंध उरला नव्हता.

भेटीचा दिवस दुसऱ्याच दिवशी होता. बाई दिवसभर घरात येरझाऱ्या घालत राहिल्या. सांगावं तर काय होईल? नियम मोडला म्हणून काढून टाकतील. ती गोळी खरी असली, आणि तिच्याच जोरावर हा माणूस उभा असला, तर ती आपल्याच तोंडाने बंद करायची? आणि न सांगावं तर तो उतरता 'दवाखना' भिंतीला टेकून उभा होता.

दुसऱ्या दिवशी पेंटरांनी ताईपुढे तोच कागद एकतीस सेकंदांत सोडवला. ताईने आकडा लिहिला, फाइल मिटली आणि म्हणाली, "उत्तम. भेटू पुढच्या महिन्यात."

बाई उठल्या. पर्स घट्ट धरून दारापर्यंत गेल्या. मग वळल्या, परत येऊन बसल्या आणि पर्समधून कागदांचा गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. तारीखवार लावलेला, कोपऱ्यात दोरा ओवलेला.

"कॉपी पकडलीत म्हणा," त्या म्हणाल्या. "मी घोकून घेतलंय त्यांच्याकडून. रोज. ते आकडे खरे नाहीत ताई. पाटीवरची रेघ खरी आहे." आणि वर्गापुढे कधी रडल्या नव्हत्या त्या बाई तिथे रडल्या.

घड्याळताईने गठ्ठा चाळला. लाल शेरे, तारे. मग स्टॉपवॉच घेऊन ती पेंटरांकडे वळली.

"काका, आज दुसरा खेळ. एका मिनिटात जेवढे प्राणी आठवतील तेवढे सांगायचे."

सोपं होतं. या माणसाने सर्कशीचा वीस फुटी बोर्ड रंगवला होता, शेपटांसकट.

"वाघ," पेंटर म्हणाले. "हत्ती. घोडा." बरंच थांबले. "वाघ." मग हसले. "अं... कुत्रा. वाघ." घड्याळ चालत राहिलं. बाईंच्या जिभेवर माकड आलं, अस्वल आलं, सगळी सर्कस आली. त्यांनी रुमाल तोंडात कोंबला.

एका मिनिटात चार प्राणी झाले.

"आता हात पुढे करा, गाड्या थांबवतो तो पोलीस करतो तसे." पेंटरांनी तळवे उभे केले. तळवे फडफडले, पडले, पुन्हा उठले. ताई फोनकडे धावली.

लिव्हरचे डॉक्टर आले. त्यांनी पोट दाबून बघितलं आणि विचारलं, "सिरप चालू आहे ना?"

पेंटर ओशाळून हसले. "रोज तारा मिळत होता डॉक्टर. म्हटलं मी बरा झालो. मग कशाला? सारखं पळावं लागतं हो त्याने." सिरप ते रोज न चुकता बेसिनमध्ये ओतत होते.

आपण काढलेला एकेक तारा बाईंच्या डोळ्यांपुढून गेला.

पेंटरांना तिथेच दाखल केलं. सिरप सुरू झालं, जोराचं. पहिल्या दिवशी त्यांनी बाईंना ओळखलं पण दिवस ओळखला नाही. बाई पलंगाशेजारच्या लोखंडी स्टुलावर बसून होत्या, त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. परीक्षा घ्यायची त्यांना भीती वाटत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी पेंटरांनी डोळे उघडले, वॉर्डच्या दारावरची पाटी वाचली आणि म्हणाले, "कोणी रंगवलीय ही? रेघ वाकडी आहे."

बाई इतक्या हसल्या की शेजारच्या पलंगावरचा रोगी उठून बसला.

"तुम्ही त्या दिवशी बोलला नसतात," डॉक्टर म्हणाले, "तर पुढच्या महिन्यात ते आमच्यापर्यंत पोचले असते की नाही, सांगता येत नाही."

नियम मोडल्याचा वेगळा फॉर्म होता. घड्याळताईने तो बाईंपुढे सरकवला. 'कारण' या शब्दापुढे बाईंनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'विद्यार्थी नापास होईल या भीतीने.' आठवड्याने अभ्यासावर देखरेख करणाऱ्या समितीचा निरोप आला. आकड्यांचे सगळे पेपर रद्द, पण रोगी अभ्यासात राहू शकतो. गोळी खरी की खोटी, ते अजून कोणालाच ठाऊक नव्हतं.

"आणि घरचा अभ्यास आहे तुम्हाला," ताई बाईंना म्हणाली. "रोज त्यांच्याकडून एक ओळ लिहून घ्यायची. कुठलीही. शिकवायचं नाही, सुधारायचं नाही. रेघ खाली यायला लागली की मला फोन."

"आणि सिरप?"

"तुमच्यासमोर. गिळेपर्यंत."

पुढच्या भेटीला ताईने पेंटरांना आत घेतलं आणि बाईंना बाहेरच्या बाकावर बसवलं. दार किलकिलं राहिलं होतं. बाई बोटांवर मोजायला लागल्या.

"वाघ, हत्ती, घोडा, उंट, माकड, अस्वल," आतून आवाज येत होता. सर्कशीचा बोर्ड डावीकडून उजवीकडे सरकत होता. "सिंह, पोपट, ससा, कुत्रा, मांजर. गाढव. बैल. डुक्कर." मग थांबला.

बाहेर बाईंचे ओठ हललेसुद्धा. बकरी. साधी बकरी. तीन अक्षरं खोकल्यातसुद्धा बसली असती. त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिल्या.

"वाघीण," पेंटर म्हणाले. "ती बाहेर बसलीय."

ताईचं हसू ऐकू आलं. "काका, वाघ झालाय आधी. वाघीण धरता येणार नाही."

"राहू दे की. एका मार्काने काय होतंय?"

"नाही. नियम म्हणजे नियम. चौदा."

बाईंनी बोटं पुन्हा मोजली. चौदाच होते.

"बरोबर आहे," त्या दारातून आत ओरडल्या, "कापा तो मार्क!" आणि रुमालात तोंड लपवून, कितीतरी वेळ, एकट्याच हसत राहिल्या.