पेटली का, आजे?

माझी नजर किती तेज, ते आमच्या ओवे गावात कोनालाबी विचारा. खाडीच्या चिखलात निवटी मासळीनं डोळा मारला तर मी ओट्यावर बसून सांगायची, नर हाय का मादी. आता अशा बाईला गाडीमागची एवढी मोठी लाल लाइट दिसली नाय, ते कसं, तेच सांगते.

माझा नातू परेश आनि त्याची बायको निशा, दोघांचा अबोला चाललेला. निशाच्या भावाची, मिथुनची हळद होती द्रोणागिरीला. परेश बोलला, "मॅच संपली की येतो." टुर्नामेंटची फायनल होती. हा पोचला तवा हळद सुकलेली, नाचून नाचून लोकं झोपलेली. नवरदेवाचा दाजीच हळदीला नाय! निशाची मान खाली गेली. तवापासून घरात बोलायची ती फक्त भांडी.

एका संध्याकाळी निशानं बॅग भरली. मला बोलली, "आजी, मी माहेरी चालली. त्यांना सांगा, सोडायचं तर सोडा, नायतर मी रिक्षानं जाते."

"परत कवा येशील गो?"

तिनं बॅगेची चेन ओढली. अशी गेलेली पोर लवकर येत नाय. मधी मानसं पडतात, गोष्ट वाढते.

परेशनं गाडी चालू केली, तर एक हेडलाइट मिनमिनती आनि मागची ब्रेक लाइट ठार बंद. द्रोणागिरीचा रस्ता मंजे नुसते कंटेनरचे ट्रेलर. आपन थांबलो ते मागच्याला कळनार कसं? चेपूनच टाकील. लाइट पेटल्याबिगर निघायचं नाय, मीच ठनकावलं.

हेडलाइटचं लगेच सापडलं. आमच्याकडची हवा खारी, अर्थिंगच्या वायरीला गंज चढलेला. पॉलिश पेपरनं घासला, नट आवळला, लख्ख उजेड. मग त्यानं ब्रेक लाइटचा फ्यूज बदलला. आता पेडल दाबायला एक आनि मागं बघायला एक, अशी दोन मानसं लागतात. परेश खाली डोकं घालून हातानं पेडल दाबत होता, मी मागं उभी.

"पेटली का, आजे?"

पेटली होती. मिरचीसारखी लालभडक. मागच्या चुना मारलेल्या भिंतीवर बी लाली आलेली.

"नाय रं बाला."

त्यानं बल्ब बदलले. "आता?"

"नाय."

पेडलवरचा स्विच खोलला, पुसला, परत बसवला. "आता तरी?"

"अंधार हाय सगळा."

"आजे, नीट बघ ना!"

"नीटच बघते. तुझ्या आज्यानं बैलगाडीला ब्रेक लाइट लावलेली, तिची एवढी कटकट नवती. बाटलीत काजवे भरून मागं टांगलेले. बैल थांबला की शेपटी बाटलीवर आपटायची, काजवे दचकून पेटायचे. पनवेलच्या बाजारात लोकं बघायला यायची!"

ओट्यावर निशा बॅग मांडीवर घेऊन बसलेली. तिनं ओढनी तोंडाला लावली, पन खांदे हलताना मला दिसले.

मग ती उठली. "आजी, तुमी बाजूला व्हा. मी पेडल दाबते. त्यांना बघू दे मागं."

संपलं, मी मनात बोलली. आता थाप उघडी पडनार.

निशा सीटवर बसली, मी तिच्या खिडकीशी. परेश मागं गेला. तिनं पाय दाबला. परेशनं लाइटीकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. मी आभाळाकडं.

"नाय पेटली," परेश बोलला.

निशानं वर आरशात बघितलं. मी बी वाकून बघितलं. आरशात परेश उभा, कपाळापासून हनुवटीपर्यंत लालेलाल.

"आता?" तिनं विचारलं. इतक्या दिवसांनी पयला शब्द त्याच्याशी.

"नाय."

"नीट बघा."

"नीटच बघतोय. नाय पेटली." मग हळूच बोलला, "निशा, हळदीला यायला पायजे होतं गो मी. चुकलो."

तिचा पाय सुटला. आरशातलं लाल तोंड काळोखात गेलं. मग पेडल परत दाबलं गेलं, आनि तो परत दिसायला लागला, तसाच, तिथंच.

"माझ्या भावाला बोलाल हे?"

"उद्याच बोलतो. तुझ्यासमोर."

निशानं गाडी बंद केली, किल्ली मुठीत धरून उतरली. "ब्रेक लाइट नाय तर आता कसं जायचं? मागून ट्रेलर घालतील," ती मला बोलली. मी कवाच बॅग उचलून घराकडं निघालेली.

सकाळी दोघं मिळून द्रोणागिरीला गेली. गल्लीतल्या दर खड्ड्याला मागं लाल, लाल, लाल.

शेजारची सत्यवती बोलली, "हौसाआजी, लाइट तर झ्याक पेटते गो!"

"कुठं?" मी बोलली. "मला नाय बाय दिसत."