साखर घातली होती

मित्रांनो, मी एक जुनी बाटली आहे, तपकिरी काचेची आणि जाड बुडाची. माझ्या पोटात आयुष्यभर बिअरच राहिली. तुम्ही लहान आहात, म्हणून तिची चव मी सांगणार नाही. बाकी सगळं सांगते.

इंग्लंडातल्या यॉर्कशायरमध्ये एका काचकारखान्यात मी जन्मले आणि गावच्या पबमध्ये मोठी झाले. पुढे आमच्यासारख्या, काळं बूच फिरवून बसवायच्या बाटल्या पबवाल्याने मोडीत काढल्या. तेव्हा नोरा सगडन आम्हा चोवीस जणींना हातगाडीवर घालून घरी घेऊन आली. नोरा आणि तिचा नवरा क्लिफर्ड दोघंही लोकरीच्या गिरणीत कामाला होते. शेजारणी जॅम करत, तशी नोरा बिअर करायची. क्लिफर्डकडे फक्त बाटल्या धुण्याचं खातं होतं.

घरच्या बिअरला फेस बाटलीतच येतो. भरताना प्रत्येकीत अर्धा चमचा साखर घालतात. बिअरमध्ये उरलेलं यीस्ट ती खातं, वायू सोडतं, आणि बूच घट्ट असेल तर तो वायू बिअरमध्येच मुरतो. मग बूच उघडलं की फस्स! नोराचा त्या आवाजावर फार जीव. "ऐकलंस, क्लिफ? बोलली बघ!" असं ती दर वेळी म्हणायची, आणि आम्ही उगाचच फुशारून जायचो.

दर वसंतात ती शिवणाच्या डब्यातून नवे लाल रबरी वायसर काढायची आणि आमच्या बुचांना चढवायची. हे काम ती कुणाला सांगत नसे. क्लिफर्डला ते कधी दिसलंच नाही.

त्यांच्या लग्नाला चाळीस वर्षं होणार होती, त्या वर्षीचा वसंत नोराने इस्पितळात काढला. सप्टेंबरमध्ये तिला घरी आणलं ते थेट वरच्या खोलीत, पलंगावर.

"नोव्हेंबरात चाळीस होतायत आपली. बिअर हवीच," ती म्हणाली. "तू कर. मी इथून ओरडते."

आणि ती खरंच ओरडली. क्लिफर्ड खाली स्वयंपाकघरात, हुकूम जिन्यावरून.

"सपाट चमचा घे! शीग लावू नकोस!"

"गिरणीतला मुकादम परवडला तुझ्यापेक्षा!"

"सगळ्यांत घातलीस ना साखर?"

"घातली गं बाई, घातली!"

घातली होती. मी साक्षीला आहे. पण दुखण्याच्या त्या धांदलीत वायसरची आठवण तिलाही झाली नाही. ऑक्टोबरात नोरा गेली.

लग्नाच्या वाढदिवसाला क्लिफर्डने टेबलावर तीन पेले मांडले. एक नोराचा, एक स्वतःचा, एक गिरणीतला दोस्त अर्नोल्डचा. त्याने पहिल्या बाटलीचं बूच फिरवलं. आवाज आला नाही. अर्नोल्डने घोट घेतला.

"क्लिफ, हा तर गार चहा रे!" तो हसला, पण क्लिफर्डचा चेहरा बघून वरमला. "अरे, थंडीने होतं असं. गरम पाण्याची टाकी आहे त्या चादरींच्या कपाटात ठेव. उबेला येतील ताळ्यावर."

क्लिफर्डने आम्हाला त्या कपाटात नोराच्या घडी घातलेल्या चादरींमध्ये ठेवलं. पण त्याला धीर कुठला! दर तीन दिवसांनी कुणाचं तरी बूच उघडायचा आणि कान लावायचा. मग अर्नोल्डच्या सांगण्यावरून यीस्ट जागं करायला आम्हाला उलटं करून हलवलं. शेवटी सगळ्यांची बुचं काढून पुन्हा साखर घातली. काही झालं नाही. आमचे वायसर वाळून तडकले होते. आत तयार झालेला वायू त्या केसाएवढ्या भेगांतून निसटत होता. मला ओरडून सांगावंसं वाटे, पण माझ्या तर तोंडालाच बूच.

"तेव्हा मी साखर घातलीच नसणार. यीस्ट उपाशी मेलं, आता घालून काय उपयोग," क्लिफर्ड एके दिवशी म्हणाला. "खोटं बोललो मी तिच्याशी. शेवटचं एक काम सांगितलं होतं तिने, अर्नोल्ड."

"अरे, घातली असशील."

"मग गेली कुठे?"

क्लिफर्डने त्याची हाय खाल्ली. त्याचं जेवण तुटलं.

फेब्रुवारीत एका सकाळी त्याने एकेक बाटली मोरीत रिकामी करायला घेतली. माझ्या सगळ्या बहिणींची उरलेली बिअर माझ्या डोळ्यांदेखत वाहून गेली. माझी पाळी आली तेव्हा त्याच्या बाहीचं बटण तुटलं, म्हणून त्याने नोराचा शिवणाचा डबा उघडला. आत एक कागदी पुडी होती. त्यावर पेन्सिलीने गेल्या वर्षाचा आकडा लिहिलेला, आणि पुडीत चोवीस कोरे लाल वायसर.

मग त्याने माझं बूच काढलं आणि जुना वायसर बोटांत धरून वाकवला. त्याचे दोन तुकडे झाले. क्लिफर्ड जिन्याकडे बघत म्हणाला, "घातली होती गं. साखर घातली होती मी."

मला नवा वायसर चढला. चिमूटभर ताजं यीस्ट आणि अर्धा चमचा साखर मिळाली, सपाट. तीन आठवडे त्याने कपाटाचं दार उघडून बघितलंही नाही. मग मला टेबलावर आणलं आणि बूच फिरवलं.

फस्स!

"ऐकलंस, नोरा?" तो जिन्याकडे तोंड करून म्हणाला. त्यानंतर त्या घरात पुन्हा बिअर झाली नाही.

मित्रांनो, कुकरची शिट्टी होईना की तुमची आई आधी रिंग बघते. ती रिंग कुठे ठेवलेली असते, ते तुम्हाला माहीत आहे का? तुमच्या घरातही कुणीतरी अशी कामं गुपचूप करत असेल. ते माणूस आहे तोवर शेजारी बसून एकदा बघून घ्या, एवढंच या बाटलीचं मागणं.

चव सांगणार नाही म्हटलं होतं, पण सांगते. इतक्या वेळा उघडून हवा लागलेली ती बिअर ओल्या पुठ्ठ्यासारखी लागत होती. क्लिफर्ड ती शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला.