पत्त्यांचा पाचवा मजला

दुपारी नाटकाच्या दिग्दर्शकाचा फोन आला, तोही माझ्या मोबाइलवर, कारण आमच्या साहेबांनी स्वतःचा उचलणं कधीच सोडलंय. "वहिनी, उद्या सकाळी शेवटच्या गाण्याची चाल मिळाली नाही, तर मी गाणं त्याच्या शिष्याला देतोय. नंतर माझ्या नावाने बोटं मोडू नका."

शिष्याला! ज्याला यांनी सूर लावायला शिकवलं, त्याला! एकदा असं झालं की नाटकवाले यांना दारात उभं करणार नाहीत. आणि चाली लावण्याखेरीज या माणसाला येतं काय? साधा खिळा ठोकता येत नाही.

उष्टं ताट हातात घेऊन मी तशीच तणतणत यांच्या खोलीत गेले. कीबोर्डवर धूळ. आणि हे दाराकडे पाठ करून पत्त्यांचा बंगला रचतायत. चार मजले झालेले, पाचवा चढत होता.

हे वेड उन्हाळ्यात लागलं. माणसाच्या डोक्याला विरंगुळा हवाच की, असं मीच म्हणाले होते. आधीचे यांचे विरंगुळे म्हणजे गल्लीतल्या पोरांशी शिट्ट्यांची शर्यत, नाहीतर बाटल्यांत पाणी भरून चमच्याने वाजवणं. घर डोक्यावर घ्यायचे. आता नुसते पत्ते. गाण्याचं विचारलं की हसून मान डोलवायची, "होईल गं." मीही काय कमी बोलले? आळशी म्हणाले, भित्रे म्हणाले. परवा तर तुमच्यामुळे माझ्या आयुष्याचं वाटोळं झालं, इथपर्यंत गेले. तेव्हाही हे इस्पिकची राणी बदामच्या राजाला टेकवत होते. इतका निगरगट्टपणा!

"अहो, गाणं चाललं हातातून! ऐकताय ना?"

यांनी शांतपणे दोन पत्ते उचलले. माझं डोकंच फिरलं. हातातलं स्टीलचं ताट मी दाणकन फरशीवर आपटलं. ते खणखणत भिंतीपर्यंत गेलं, बाहेर कुत्रं भुंकायला लागलं.

यांचा हात हलला नाही. बोटांत दोन पत्ते, एकमेकांना जेमतेम टेकलेले. ते तसेच अलगद पाचव्या मजल्यावर बसले.

मी यांच्या कानामागे जाऊन टाळी वाजवली. काही नाही. मग समोर जाऊन उभी राहिले, तर मला बघून हे एवढे दचकले की बंगला कोसळला.

"अगं, कधी आलीस?"

मी आवाज न काढता नुसते ओठ हलवले, "चहा घेणार?"

"होईल गं. उद्यापर्यंत," हे हसून म्हणाले.

मला रडूच फुटलं. ते बघून यांचं हसू मावळलं.

"कळलं तुला," म्हणाले. "डॉक्टर झाले, सगळं झालं. एक कान आधीच गेला होता, दुसरा उन्हाळ्यात."

"मला का नाही सांगितलंत?" मी सावकाश, तोंड मोठं करून विचारलं.

"सांगितलं की खरं झालं असतं." हे पत्ते गोळा करू लागले. "बंगला पडला की दिसतो गं. चाल पडलेली मला कळणारच नाही."

मग माझा हात घट्ट धरला. "शिष्याला देऊ दे गाणं. पण कानाचं कोणाला बोलू नकोस. कोणी विचारलं तर सांग, नवरा दिवसभर पत्ते खेळतो. आळशी म्हणू देत. बहिरा नको."

मी यांच्यासमोरच दिग्दर्शकाला फोन लावला. म्हटलं, हे पत्त्यांत रमलेत, द्या शिष्याला. त्याने यांना नाही नाही ते सुनावलं. मी ऐकून घेतलं. हे माझ्या तोंडाकडे बघत होते.

फोन ठेवल्यावर यांनी विचारलं, "इतके महिने तू खूप काही बोलत होतीस. काय गं बोलायचीस?"

मी यांच्या समोर बसले. प्रत्येक शब्द नीट दिसेल असा म्हणाले, "जेवायला चला, म्हणायचे."