रशीदाच्या नवऱ्याचं लिनक्स

तिजानी मागावर बसला की त्याला जगाचं भान राहत नाही, हे रशीदाला लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. पण साठी ओलांडलेला हा माणूस लॅपटॉपपुढेही तसाच ठाण मांडून बसेल, असं कुणी सांगितलं असतं तर तिने त्याला वेड्यातच काढलं असतं.

"किती वेळ त्या डबड्याचं तोंड बघणार आहेस?" चहाचा पेला त्याच्या कोपराशी ठेवत ती म्हणायची.

"ते उघडत नाही तोवर."

लॅपटॉप जुना होता आणि अलीकडे उघडायलाच पाऊण तास घ्यायचा. त्यात लुब्नाच्या शालीचं चित्र होतं. लुब्ना म्हणजे त्यांची धाकटी. तिचं लग्न ऑगस्टमध्ये होतं, आणि ट्युनिशियातल्या महदिया गावच्या विणकराची लेक बाजारातली शाल पांघरून नवरी झाली तर बापाने तोंड कुठे लपवायचं? दोन वर्षं तिजानी ते चित्र कॉम्प्युटरवर काढत होता, एकेक धागा, एकेक चौकट. ते या आठवड्यात मागावर चढलं नाही तर शाल वेळेत होणार नव्हती.

कॉम्प्युटरवाला फौझी म्हणाला, "काका, हे यंत्र आता भंगारात द्या."

"खुंटी ढिली झाली म्हणून कुणी माग जाळतं का रे?"

फौझीने हात टेकले. जुनी डिस्क काढून बाहेरून जोडायच्या डबीत घातली, नवी बसवली आणि जुन्या यंत्रांवरही चालणारी लिनक्स ही प्रणाली भरलेला पेन ड्राइव्ह हातात ठेवला. "घ्या. तुम्हीच टाका. अडलं की या."

अडलं की! पहिल्या दिवशी मशीनला पेन ड्राइव्ह दिसेचना. दुसऱ्या दिवशी दिसला, तर पडदा काळा ठिक्कर. तिसऱ्या दिवशी पडदा आला, तर वायफाय गायब. दुसरा कुणी असता तर त्याने लॅपटॉप समुद्रात फेकला असता, आणि घरापासून समुद्र काही लांब नव्हता. तिजानीने वही काढली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, काय झालं ते लिहायचं, नाही जमलं तर होती तशी करून ठेवायची. काळ्या पडद्याला त्याने अकरा उपाय केले, अकरावा लागू पडला. वायफायसाठी फोनच तारेने जोडला. रशीदा आधी हसायची. मग तीच स्वयंपाकघरातून विचारायला लागली, "आज कुठवर आलं?"

गुरुवारी लिनक्स बसलं. बसताना मशीनने विचारलं, डिस्कला कुलूप लावायचं का? बाकीचे लोक पुढे जातात. पण हा पडला महदियाचा विणकर! इथे दुसरा विणकर दारात दिसला की आधी मागावर चादर टाकतात, मग सलाम करतात. तिजानीने कुलूप लावलं आणि बायकोकडे पाठ करून पासवर्ड टाकला.

"माझ्यापासूनही?" रशीदाला ते लागलंच.

"गुपित म्हणजे गुपित."

मशीन सुरू झालं. मात्र 'ए' दाबला की 'क्यू' उमटायचा. मशीनने कळफलक इंग्रजी धरला होता आणि आपल्याकडच्या कळा फ्रेंच. तिजानीने शोधून कळफलक सगळ्या मशीनभर फ्रेंच करून टाकला, शालीचं चित्र जुन्या डिस्कवरून आत घेतलं आणि दोन पेले चहा प्यायला. संध्याकाळी जुनी डिस्क करकरली आणि कायमची गप्प झाली.

शुक्रवारी मशीन बंदच होतं. शनिवारी सकाळी त्याने ते चालू केलं. पासवर्ड चुकीचा. पुन्हा टाकला. चुकीचा. विसाव्यांदाही चुकीचाच!

फौझी धावत आला आणि बघून खाली बसला. "काका, हे कुलूप पॅरिसहून माणूस आणला तरी तुटायचं नाही. सगळं पुसून नव्याने टाकू."

"आणि शाल?"

फौझी मान हलवत उठला. तो गेल्यावर रशीदाचा बांध फुटला. "कुणापासून लपवत होतास रे, माणसा? पोरीला काय सांगू मी आता?"

तिजानी उठला. मागावर जाऊन बसला. रशीदाला वाटलं, खचला. पण तो वही घेऊन परत आला.

"विणीत चूक दिसली की आपण कात्री लावतो का? बरोबर होती तिथवर उसवत जातो. गुरुवारी हा पासवर्ड चालला. मग मधे काय बदललं?" त्याने शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. कळफलक फ्रेंच केला.

"मग?"

"मग काय! पासवर्ड ठरवला तेव्हा मशीन इंग्रजी होतं आणि माझी बोटं फ्रेंच. पडद्यावर नुसते ठिपके. मी लिहिलं एक, त्याने घेतलं भलतंच. आता तेही फ्रेंच झालं, म्हणून मी टाकतो ते त्याला जुळत नाही."

त्याने नक्षीचा चौकटींचा कागद पसरला. "फोनवर इंग्रजी कळफलकाचं चित्र उघड. मी माझी कळ सांगतो, त्या जागी तुझ्याकडे काय आहे ते सांग."

"म्हणजे पासवर्ड सांगावा लागेल तुला," रशीदा म्हणाली.

तिजानीने कान खाजवला. आपल्या नवऱ्याला लाजताना रशीदाने कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

"आर," तो म्हणाला.

"आरच."

"ए."

"क्यू."

"सी. मग एच."

"तेच." तिचा आवाज हळू झाला.

"आय. डी. परत ए."

फ्रेंच धाटणीने लिहिलेलं हे तर तिचंच नाव होतं. "क्यू," तिने कसंबसं सांगितलं.

"आता आकडे. फ्रेंच कळफलकावर आपण शिफ्ट दाबूनच आकडा काढतो, तेव्हा शिफ्टसकट बघ. एक."

"उद्गारचिन्ह."

"नऊ."

"कंस."

"आठ. पुन्हा नऊ."

"चांदणी. कंस." एकोणीसशे एकोणनव्वद. त्या वर्षी ती या घरात आली होती.

तिजानीने चौकटीत भरलेली चिन्हं एकेक करून, कळ शोधत टाकली. क्षणभर काही झालं नाही. मग पडदा उजळला आणि शाल उघडली, काठाचे मासे, मधली डाळिंबं, सगळी जागच्या जागी. केवढा धीराचा माणूस आपल्या वाट्याला आलाय, असं रशीदाला वाटलं, आणि तिने ते लगेच बोलूनही दाखवलं. मग डोळे पुसून आवाज चढवला.

"आधी याची प्रत काढून माझ्याकडे दे. आणि तो पासवर्ड बदल. असला पासवर्ड अख्खं महदिया ओळखेल!"

"महदियाचं सोड," तिजानी म्हणाला. "एवढी वर्षं संसार केलास, तुला तरी कुठे ओळखता आला?"